डॉकवरचा गारठा : लोणीकंदजवळच्या गोडाउनमधल्या हिवाळी कामाच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

दिवाळी उरकली. कालपासून पहाटे गाडीच्या काचेवर दव दिसायला लागलं, म्हणून ही वही आजच उघडते. गोडाउनमधल्या माणसांची थंडी कमी करायचं हेच काम गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी हाती घेतलं आणि कागद जमेपर्यंत थंडी संपली.

काम का काढलं ते आधी लिहून ठेवते. गेल्या जानेवारीत फाटकावरच्या सुरक्षारक्षक काकांनी पहाटे केबिनमध्ये कोळशाची शेगडी घेतली, खिडकी लावली आणि खुर्चीत त्यांचा डोळा लागला. साडेपाचला एक गाडीवाला पावती घ्यायला गेला तर काका उठेनात. त्याने दार ढकलून त्यांना बाहेर ओढलं, मोकळ्या हवेत बसवलं, मग दवाखान्यात नेलं. वाचले. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. माणसाला गुदमरल्याचंही कळत नाही, नुसती झोप येते. त्या दिवशी दुपारी केबिनच्या दारावर शेगडी वापरायला मनाई करणारा कागद लागला. काका दुसऱ्या रात्री त्याच केबिनमध्ये दोन स्वेटर घालून बसले होते.

इमारत अशी: चाळीस हजार चौरस फूट. बाजूला उंची ९ मीटर, मधोमध ११. वर निळा रंगीत पत्रा, त्याला आतून कसलंही अस्तर नाही. पूर्वेला आठ डॉक, म्हणजे गाडी लावून माल चढवा-उतरवायची शटरची दारं. छपरावर वीस टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्याने फिरून आतली हवा बाहेर टाकणारे घुमट. मागे उसाची शेतं आणि त्यापलीकडे भीमेचं पात्र. रात्रपाळीला साठ-पासष्ट माणसं, सकाळी सहाच्या पाळीला पॅकिंगच्या अठ्ठावीस बायका.

एका कोपऱ्यात औषधांची शीतखोली आहे, २ ते ८ अंशांची. तिच्यात जाणाऱ्या दोघांना जाड जॅकेट, हातमोजे, आत किती मिनिटं थांबायचं याचा तक्ता, सगळं मिळतं. त्याच खोलीच्या दाराबाहेर दहा पावलांवर, उघड्या शटरपाशी, डिसेंबरच्या पहाटे ११-१२ अंशांत पाच तास उभ्या राहणाऱ्याला काहीच मिळत नाही.

मुख्य कार्यालयातली मंडळी सकाळी अकराला येतात. तोवर पत्रा तापलेला असतो, बाह्या सरसावून फिरता येतं. "पुण्यात कसली आलीय थंडी?" हे मी तीन बैठकांत ऐकलं. पुण्याच्या हवामान नोंदींत १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश लिहिलेले आहेत. एवढं मागे जायचीही गरज नाही. दर हिवाळ्यात काही रात्री शहरातच पारा दहाच्या खाली उतरतो, आणि इथे तर उघडं रान आहे. आमची थंडी रात्री दोन ते सकाळी साडेसात एवढीच असते. त्या वेळात इथे हजर असणाऱ्याला बैठकीचं बोलावणं नसतं.

१९ नोव्हेंबर

रात्री दीडला आले, आठपर्यंत थांबले. सहा साधे डिजिटल थर्मामीटर आणि पृष्ठभागाचं तापमान मोजणारी बंदूक सोबत होती. ही बंदूक चकचकीत धातूवर फसते, समोरच्या वस्तूंची उष्णता प्रतिबिंबासारखी वाचते. म्हणून शटरवर आणि छपराला आतून काळ्या टेपचे तुकडे चिकटवले. छपरापर्यंत सिझर लिफ्टने गेलो.

पहाटे साडेपाचचे आकडे. बाहेर अंगणात १३.१. चार नंबरचा डॉक उघडा होता, त्याच्या तोंडाशी १३.८. पॅकिंगच्या टेबलांपाशी १५.९. गोडाउनच्या मधोमध १६.४. मधली फरशी १९.७, डॉकजवळची १५. आणि पत्रा आतून १०.६.

शेवटचा आकडा मी तीनदा मोजला. बाहेरच्या हवेपेक्षा छप्पर अडीच अंशांनी गार. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकत राहतो. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा, साठवलेलं असं त्याच्याजवळ काहीच नाही, त्यामुळे तो हवेच्याही खाली उतरतो. गाडीच्या टपावर दव आधी पडतं ते याचमुळे. मग त्या गार पत्र्याखाली उभ्या असलेल्या माणसाचं अंग आपली ऊब वर त्या पत्र्याकडे टाकत राहतं. पॅकिंगच्या एक मावशी मला गेल्या वर्षी म्हणाल्या होत्या, "ताई, वारा नसला तरी वरून गार पडतं." मी तेव्हा मान डोलावली होती आणि मनात म्हटलं होतं, गार कुठे वरून पडतं का? आज बंदूक हातात धरून कळलं की त्यांचं अंग हेच मोजत होतं. हवा १६ अंश दाखवत असली तरी अंगाला ती १६ ची लागत नाही.

याच पत्र्यामुळे आणखी एक कोडं सुटलं. सहाव्या रांगेच्या वरच्या रॅकवरचे खोके हिवाळ्यात ओले होतात आणि दोन वर्षं आम्ही छपराची गळती शोधतोय. पाऊस नसताना गळती कुठून येणार? आतल्या हवेची वाफ गार पत्र्याला लागून थेंब धरते आणि ते थेंब खाली पडतात.

फरशीचंही नवल वाटलं. सगळे म्हणतात फरशी गार. मधली तशी नाही, दिवसाची आणि खालच्या जमिनीची ऊब तिच्यात राहते. गार आहे ती डॉकपासून आत चार-पाच मीटरपर्यंत, आणि माणसं नेमकी तिथेच उभी.

२१ नोव्हेंबर

दोन रात्री माणसांबरोबर काढल्या. थंडी एकच असली तरी प्रत्येक कामाला ती वेगळी लागते, हे आकड्यांत दिसत नव्हतं.

माल उतरवणारी टोळी: गाडी लागली की चाळीस मिनिटं नुसता घाम. मुकादम म्हणाले, "मॅडम, गोणी पाठीवर असताना थंडी कुठली? गाडी रिकामी झाली की मग बघा आमच्याकडे." बघितलं. घामाने भिजलेला सुती शर्ट, उघडा डॉक, पुढची गाडी यायला वीस मिनिटं. पाणी हवेपेक्षा सुमारे चोवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. ओला शर्ट अंगाला चिकटला की तो कपडा उरत नाही, अंगातली ऊब बाहेर काढणारी वाट होतो. दहा मिनिटांत पोरं काखेत हात घालून बसली. या वेळी दिलेलं जाड जॅकेट ते घालतील, पण उचलताना काढून फेकतील, आणि काढून ठेवायला तिथे खुंटीसुद्धा नाही.

स्कॅनिंगवाले: एका जागी उभे. बसलेला माणूस साधारण शंभर वॉट उष्णता सोडतो, ओझं वाहणारा त्याच्या तीन-चारपट. स्कॅनिंगवाल्याचं शरीर पहिल्याच्या जवळचं, पण जागा डॉकवरची. यांची बोटं जातात. हाताच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची चपळाई स्पष्ट कमी होते. एका मुलाच्या बोटांवर बंदूक धरली तर १४.२. तो तेव्हा बटण दाबायला अंगठ्याऐवजी पेनाचं टोक वापरत होता.

फोर्कलिफ्ट चालवणारे: बसून काम, आणि गाडी चालली की समोरून वारा. लोखंडी स्टीअरिंग. तिघांनीही मफलर नाकापर्यंत गुंडाळलेला आणि त्यामुळे मान वळत नाही. मला हे थंडीपेक्षाही धोक्याचं वाटलं.

पॅकिंगच्या बायका: शिक्रापूर, कोरेगाव भीमाकडून बसने येतात, पहाटे साडेचारला उठून. आल्या आल्या हात गार, चिकटपट्टी सुटत नाही, कटर निसटतो. पहिल्या तासात कटरने बोट कापल्याच्या नोंदी प्रथमोपचाराच्या वहीत आहेत. मी मागची तीन वर्षं काढून पाहिली. डिसेंबर-जानेवारीत त्या नोंदी दाट होतात. किती ते इथे लिहीत नाही, वही काही वेळा भरलीच गेली नव्हती.

जॅकेटचा खर्च कुणी करायचा यावर दुपारी वाद झाला. टोळी माथाडी मंडळात नोंदलेली. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मजुरी मंडळाकडे भरली जाते, म्हणून कुणी म्हणालं ती "आपली माणसं" नाहीत. स्कॅनिंगवाले ठेकेदाराचे, सुरक्षारक्षक दुसऱ्या ठेकेदाराचे. थंडी वाजताना हे सगळे एकाच शटरसमोर उभे असतात. मी पत्रात एवढंच लिहिलं की छप्पर आपलं आहे, तेव्हा त्याखालची थंडीही आपलीच.

२७ नोव्हेंबर

एका पुरवठादाराने संपूर्ण गोडाउन गरम करायचं कोटेशन दिलं. वाचून झाल्यावर हिशेब मांडला, तो इथे उतरवते, कारण हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारणारच.

आतली हवा साधारण ३७,००० घनमीटर, म्हणजे चव्वेचाळीस टन. डॉक उघडझाप होत असताना तासाला एकदा ती बदलते असं धरलं आणि आत बाहेरपेक्षा ८ अंश जास्त ठेवायचे म्हटलं, तर निव्वळ हवेसाठी १०० किलोवॉट सतत. उघड्या पत्र्यातून जाणारी उष्णता याच फरकाला २०० किलोवॉटच्या वर. भिंती धरल्याच नाहीत. म्हणजे तीनशे किलोवॉट. आमचा विजेचा मंजूर भार त्याच्या निम्मा आहे. आणि एवढं करून गरम हवा ११ मीटरवर जाऊन बसणार, माणसं खाली.

दुसरा पर्याय गॅसवर चालणाऱ्या, धुराडं नसलेल्या हीटरचा होता. स्वस्त आणि झटपट. एक किलो एलपीजी जळाला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात हवेत येतं. ती वाफ गार पत्र्याला लागून खोक्यांवरच पडणार. आणि बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडची टांगती तलवार. काकांच्या प्रसंगानंतर बंद छताखाली उघडी ज्योत लावायची मला कुणी सांगू नये. दोन्ही कोटेशनं परत केली.

ठरवलं ते असं: आधी भोकं बुजवायची, मग माणसाला शेक द्यायचा. इमारत गरम करायची नाही.

२ डिसेंबर

फाटकाबाहेर गाडीवाल्यांची शेकोटी. शेकोटीला माझी हरकत नाही, गाडीवाल्याला रात्रभर रांगेत थांबायला लावायचं आणि शेकूही द्यायचं नाही हा अन्याय आहे. पण त्यात पॅलेटवरचं प्लास्टिक, थर्माकोल, रंगवलेली फळी जळत होती. आता गोडाउनच्या मागे मोकळ्या जागी लोखंडी अर्धं पिंप ठेवलं, शेजारी कोरडं जळाऊ लाकूड आणि वाळूची बादली. प्लास्टिक उचलायला वेगळी गोणी.

६ डिसेंबर

भोकं. आठवडाभर हेच चाललंय.

हवा कुठून येते ते शोधायला उदबत्ती वापरली. महागड्या धूरयंत्राची गरज पडली नाही. पहाटे चारला शटरच्या कडेने उदबत्ती फिरवली की धुराची रेघ सरळ आत ओढली जाते. शटरखाली दोन बोटं फट, दोन्ही बाजूंच्या खाचांत फट, आणि डॉक लेव्हलरच्या (फरशी आणि गाडी यांमधल्या वर-खाली होणाऱ्या लोखंडी फळीच्या) भोवती तर मूठ जाईल एवढी जागा. शटरला ब्रशची पट्टी आणि खाली रबर बसवलं. लेव्हलरच्या फटींना जाड रबरी पट्टा.

मोठं भोक वर होतं. टर्बो व्हेंटिलेटर उन्हाळ्यासाठी बसवलेले. ते हिवाळ्यातही फिरतात, वाऱ्याने आणि आतल्या उबदार हवेने. वर गेलेली ऊब ते बाहेर टाकतात आणि तेवढीच गार हवा डॉकखालून आत ओढली जाते. उदबत्तीचा धूर आत का पळतो त्याचं उत्तर छपरावर होतं. फॅब्रिकेटरकडून आतून सरकवता येणारी झाकणं करून घेतली. वीसही बंद केले.

७ डिसेंबर

माझी चूक. बॅटरी चार्जिंगच्या जागेवरचे दोन टर्बोही काल बंद झाले. शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की ठिणगीला पेट घेऊ शकतो. हलका वायू, वर जाऊन नेमका छपराखालीच साचतो. सकाळी विजेच्या फिटरने विचारलं, "मॅडम, चार्जिंगवरचेही झाकायचे होते?" त्याने विचारलं नसतं तर आठवडाभर तसंच राहिलं असतं. दोन्ही लगेच उघडले, झाकणं काढूनच टाकली आणि तिथे पिवळ्या रंगाने "वायुवीजन बंद करू नये" असं लिहिलं. संपूर्ण गोडाउनसाठी आणखी चार उघडे ठेवले. आमच्या फोर्कलिफ्ट विजेवरच्या आहेत म्हणून एवढं चालतं. डिझेलच्या असत्या तर इतकी दारंखिडक्या बंद करायची हिंमत मी केली नसती.

फिटरचं नाव सुरक्षा समितीकडे शिफारशीसाठी पाठवलं.

१३ डिसेंबर

बाहेर १०.४, मधोमध १६.१. गेल्या महिन्यात बाहेर १३ असताना आत १६.४ होतं. म्हणजे फरक तीन-साडेतीनवरून साडेपाचावर आला, एकही हीटर न लावता. संध्याकाळची सवयही बदलली आहे: उन्हं उतरायच्या आधी, साडेचारलाच, गाडी नसलेली शटर खाली. दिवसभराची ऊब फुकट मिळालेली असते, ती आपण सहा वाजता उघड्या दाराने घालवत होतो.

गाड्यांचं वेळापत्रक बदलायला मात्र भांडावं लागलं. पहाटे चार ते सातमध्ये आठही डॉकवर एकेक गाडी लावण्याऐवजी दक्षिणेकडचे चारच डॉक वापरायचे. काम तेवढंच, उघडी दारं निम्मी.

१९ डिसेंबर

पॅकिंगच्या चौदा टेबलांवर सात इन्फ्रारेड हीटर बसले, प्रत्येकी दीड किलोवॉट. हे हवा तापवत नाहीत. कोवळ्या उन्हासारखे थेट अंगावर, टेबलावर आणि फरशीवर पडतात. गार पत्र्याकडे अंग जेवढी उष्णता टाकतं तेवढी समोरून परत मिळते. सगळे मिळून साडेदहा किलोवॉट, चार तास चालले तर ४२ युनिट.

बसवताना तीन गोष्टींवर अडलो. पहिली, आग लागली की छतातून आपोआप पाणी सोडणारे स्प्रिंकलर. आमच्या स्प्रिंकलरची काचेची लाल कुपी ६८ अंशांना फुटते. हीटर त्याच्या खाली किंवा जवळ आला तर आग नसताना पाणी सुटेल. दोन हीटर त्यामुळे तिरके, भिंतीकडून लावावे लागले. दुसरी, खोक्यांपासूनचं अंतर: फरशीवर पिवळी चौकट आखली, तिच्यात माल ठेवायचा नाही. तिसरी वायरिंग. जुन्या दिव्यांच्या लाइनवर जोडायचा मोह ठेकेदाराला होता. स्वतंत्र केबल, स्वतंत्र एमसीबी, आणि माणूस नसेल तर दहा मिनिटांत बंद करणारा सेन्सर घेतला.

पहिल्या सकाळी मावशी हीटरखाली उभ्या राहिल्या, तळवे वर केले आणि म्हणाल्या, "अंगणात बसल्यावाणी वाटतंय."

टेबलांखाली जाड रबरी मॅटही टाकली. पाय गार पडले की वरच्या शेकाचं सुख राहत नाही.

२६ डिसेंबर

कपडे. इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला आणि त्याचं वाईट वाटत नाही.

टोळीला बाह्यांचं जॅकेट नको होतं. खांद्यावर गोणी घेताना बगलेत ओढतं. त्यांना बिनबाह्यांची, आतून अस्तर असलेली जॅकेटं दिली, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाला घाम शोषून लवकर वाळणारे दोन बनियन. गाडी रिकामी झाली की ओला काढायचा, कोरडा घालायचा, वर जॅकेट. डॉकच्या भिंतीला खुंट्या ठोकल्या, नावाच्या पट्ट्यांसह. मुकादमांनी पहिले दोन दिवस "हे काय पोरांना शाळेत घातल्यासारखं" म्हणून नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी तेच एका नव्या पोराला रागावत होते, "ओला काढ आधी!"

स्कॅनिंगवाल्यांना आतून लोकरीचे, तळव्याला नायट्राइलचा थर असलेले हातमोजे. पडद्यावर बोट चालत नव्हतं, म्हणून अंगठा आणि तर्जनीला वेगळं कापड असलेले बदलून आणले. फोर्कलिफ्टवाल्यांना मफलरऐवजी मानेत बसणारी गळपट्टी आणि हेल्मेटच्या आत मावणारी पातळ कानटोपी. मान आता वळते.

बायकांसाठी आलेली जॅकेटं पुरुषांच्या मापाची होती. खांदे उतरलेले, बाह्या बोटांवर. चिकटपट्टी ओढताना बाही यंत्रात जाईल. सगळी परत पाठवली, मापं घेऊन नवी मागवली. दहा दिवस उशीर झाला. आधीच मापं घ्यायला हवी होती.

४ जानेवारी

आजवरची सर्वांत गार पहाट. साडेसहाला अंगणात ७.९, उसाच्या बाजूला धुकं इतकं की कुंपण दिसेना. मधोमध १४.२. पत्रा ५.८.

कायद्यात आकडा शोधला होता. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तेराव्या कलमात तापमान कामगाराला सुखावह आणि प्रकृतीला अपाय न करणारं असावं असं होतं, अंश दिलेले नव्हते. ब्रिटनच्या मार्गदर्शक संहितेत साध्या कामाला १६, कष्टाच्या कामाला १३. आज डॉकवर आम्ही १३ च्या खाली होतो. त्यामुळे पाळीच बदलली: स्कॅनिंगला पाऊण तास, मग पंधरा मिनिटं ऊबेत, आळीपाळीने.

ऊबेची जागा म्हणजे जुनी कागदपत्रांची खोली. सगळे तिला "शेकायची खोली" म्हणतात. छोटी आहे म्हणून जमतं: छताला काचलोकर आणि प्लायवुड, दोन तेलाचे विजेवरचे हीटर, आत २२ अंश. खिडकीची वरची झडप उघडीच. फाटकाच्या केबिनलाही तसंच अस्तर, तसाच एक हीटर आणि भिंतीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. काकांनी अलार्मचं बटण दाबून मला आवाज ऐकवला. रोज संध्याकाळी येऊन तपासतात म्हणाले.

कॅन्टीनकडून रात्री तीनला गरम डाळ आणि बाजरीची भाकरी सुरू केली. आधी फक्त चहा-बिस्किट होतं. थंडीत तहान लागत नाही, पण घाम गाळणारी टोळी तीन-तीन तास पाणी पीत नव्हती, कारण कूलरचं पाणी दातांना लागायचं. आता शेजारी कोमट पाण्याचा पिंप आहे. तो रात्रीतून दोनदा भरावा लागतो.

१४ जानेवारी

संक्रांत. काल भोगीची भाजी आणि तीळ लावलेली भाकरी पॅकिंगच्या बायकांनी डब्यातून आणली, शेकायच्या खोलीत सगळ्यांनी मिळून खाल्ली. आकडे घेतले नाहीत.

२३ जानेवारी

पीव्हीसीच्या पट्ट्यांचे पडदे डॉकवर लावले होते, ते दोन ठिकाणी कुणीतरी वर बांधून ठेवले. आधी राग आला. मग फोर्कलिफ्टवर बसून स्वतः त्यातून गेले. आत ऊब, बाहेर गार, पट्ट्यांवर धुकं धरतं आणि पलीकडे माणूस उभा असेल तर दिसतच नाही. बांधणाऱ्याने बरोबरच केलं होतं. जिथून फोर्कलिफ्ट जाते तिथले पडदे काढले आणि गाडीच्या मागच्या बाजूला घट्ट बसणाऱ्या फोमच्या गाद्या लावायच्या ठरवल्या. पायी जायच्या दारांवर पडदे ठेवले.

९ फेब्रुवारी

दुपारी अडीचला पत्रा आतून ५१. पहाटे हाच १२ होता. एका दिवसात एकोणचाळीस अंशांचा फरक, आणि दोन्ही वेळा खाली माणसं. छपराला आतून फॉइल लावलेल्या काचलोकरीचं अस्तर द्यायचं कोटेशन आज पाठवलं. आकड्यांच्या दोन रांगा जोडल्या, एक पहाटेची, एक दुपारची. गेल्या आठवड्यात वित्त विभागाचे साहेब माझ्या आग्रहाने पहाटे पाचला आले होते. चार नंबरच्या डॉकवर तासभर उभे राहिले, मग शेकायच्या खोलीत बसून त्यांनी थंडीचं काही न बोलता विचारलं, "अस्तर पावसाळ्याआधी होईल का?" हो म्हटलं. मंजुरी एप्रिलमध्ये कळेल.

टर्बोची झाकणं उद्यापासून उघडायची, महिनाअखेर सगळी उघडी. हीटरच्या केबल कुलपात. मॅट राहू द्यायच्या.

जॅकेटं धुवायला गोळा केली, नंबरवार मोजली, एक कमी भरलं. टोळीतला एक जण बीडकडचा. तो मान खाली घालून म्हणाला, ते गावी नेलं, वडील रात्रीच्या लाइटवर शेताला पाणी द्यायला जातात. यादीत त्या नंबरापुढे "दिलं" असं लिहिलं आणि नव्या मागणीत एक वाढवलं.